खांदेपालटाचे कारण सभागृहात कोण सांगणार?

दिल्लीत मंत्रिमंडळाची जुळवाजुळव सुरू झाली की मराठी वर्तमानपत्रे पहिला हिशेब मांडतात तो महाराष्ट्राच्या वाट्याचा. ९ जून २०२४ला नरेंद्र मोदींच्या तिसऱ्या सरकारचा शपथविधी झाला तेव्हाही तेच झाले. नितीन गडकरी, पीयूष गोयल, प्रतापराव जाधव, रामदास आठवले, रक्षा खडसे आणि मुरलीधर मोहोळ अशी सहा नावे आली आणि त्यांत कॅबिनेट दर्जाचे दोघेच होते. प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री राहिलेले, म्हणून स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद नको असे सांगून अजित पवारांचा पक्ष बाहेर थांबला, यावर दोन दिवस चर्चा रंगली. कोणाची वर्णी लागली, कोणाला नारळ मिळाला, कोणत्या जातीला आणि कोणत्या विभागाला काय मिळाले, हे मोजमाप निरर्थक आहे असे म्हणवत नाही. बहात्तर जणांच्या मंत्रिपरिषदेत कोण बसते याला लोकशाहीत अर्थ असतोच. पण या हिशेबाच्या गर्दीत एक प्रश्न गेली कित्येक वर्षे विचारलाच जात नाही. मंत्री आला तर का आला आणि गेला तर का गेला, हे सांगायची जबाबदारी कोणाची? प्रजासत्ताकाच्या पहिल्या दशकात या प्रश्नाला निदान उत्तर देण्याची रीत होती. पुढे ती मोडत गेली. मंत्रिमंडळाबाबत नंतर जे जे कायदे झाले, त्यांनी या मोडलेल्या रीतीला हात लावला नाही, असे मला वाटते. त्याचे पुरावे तपासण्यासाठी हा आढावा.

राज्यघटनेपासून सुरुवात करायची तर तिने पंतप्रधानांचा हात जवळजवळ मोकळा ठेवला आहे. अनुच्छेद ७५ सांगतो ते थोडके: पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात, इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने होते, मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, आणि सगळी मंत्रिपरिषद मिळून लोकसभेला जबाबदार असते. संसदेचा सदस्य नसलेला माणूसही मंत्री होऊ शकतो, मात्र सहा महिन्यांत त्याने निवडून यायला हवे. जून १९९१मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते. ऑक्टोबरमध्ये ते आसाममधून राज्यसभेवर आले. २०१९मध्ये एस. जयशंकर याच वाटेने गुजरातमधून आले. ही सवलत पुन्हा पुन्हा वापरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पंजाबातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. आपण ज्याला ‘कॅबिनेट’ म्हणतो त्याचा उल्लेख मूळ घटनेत नव्हता. आणीबाणीचा अनुभव गाठीशी आल्यावर १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने तो अनुच्छेद ३५२मध्ये घातला, तोही आणीबाणी जाहीर करण्याआधी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा एवढ्यापुरता. खाती किती असावीत, कोणते खाते कोणाला द्यावे, किती काळासाठी द्यावे, काढताना काय सांगावे, याबद्दल घटना गप्प आहे. खातेवाटप १९६१च्या कार्यवाटप नियमांवर चालते आणि त्यांत बदल करायला संसदेकडे जावे लागत नाही.

घटनाकारांनी ही जागा रिकामी ठेवली ती विसरून नव्हे. इंग्लंडातल्या पद्धतीप्रमाणे रीत पडत जाईल, सभागृह लक्ष ठेवील, असा त्यांचा भरवसा होता. त्या भरवशाला सुरुवातीला आधारही मिळाला. १५ ऑगस्ट १९४७च्या पहिल्या मंत्रिमंडळात पंतप्रधान धरून चौदा जण होते. त्यांत डॉ. आंबेडकर, श्यामाप्रसाद मुखर्जी, षण्मुखम चेट्टी आणि जॉन मथाई यांच्यासारखी माणसे होती. त्यांचे नाव काँग्रेसने घडवलेले नव्हते, त्यामुळे त्यांचे भवितव्यही काँग्रेसच्या हाती नव्हते. काकासाहेब गाडगीळांसारखे पक्षातले मंत्रीही कोणाच्या सावलीत वाढलेले नव्हते. पंतप्रधानांचा अधिकार कुठवर, यावर नेहरू आणि सरदार पटेल यांचा वाद इतका वाढला की जानेवारी १९४८मध्ये दोघांनीही आपापली बाजू लिहून गांधीजींकडे दिली. पंतप्रधान समानांतील पहिला, मंत्र्याच्या खात्यात त्याने परस्पर हात घालू नये, असे पटेलांचे म्हणणे होते. मंत्रिमंडळाला दिशा देणे हेच पंतप्रधानाचे काम, असे नेहरूंचे. त्या वादाचा निकाल लागलाच नाही, पण अशी माणसे एकत्र बसवल्याचा एक परिणाम पुढे दिसला. ती बाहेर पडली तेव्हा गप्प बसली नाहीत.

एप्रिल १९५०मध्ये नेहरू–लियाकत करारावरून मुखर्जींनी राजीनामा दिला आणि संसदेत उभे राहून कारणे सांगितली. त्याच वर्षी नियोजन आयोग म्हणजे मंत्रिमंडळाला समांतर दुसरे मंत्रिमंडळ होऊ घातले आहे, असा आक्षेप घेऊन अर्थमंत्री मथाई गेले. १९५१मध्ये आंबेडकर गेले. त्यांच्या निवेदनाची प्रत आधी द्यावी असा आग्रह पीठासीन उपाध्यक्षांनी धरला, तेव्हा बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वर्तमानपत्रांना दिले. ते निवेदन आपण हिंदू कोड बिलासाठी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण मंत्रिमंडळाच्या कामकाजाबद्दल त्यात जे आहे, ते आजही वाचावे असे आहे. काही मंत्र्यांकडे दोन-दोन, तीन-तीन खाती दिली गेली आणि आपल्याला कायद्याखेरीज काही दिले गेले नाही, अशी त्यांची तक्रार होती. परराष्ट्र आणि संरक्षण या मुख्य समित्यांवर त्यांना घेतले नव्हते. अर्थविषयक समितीवर, पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना, मंत्रिमंडळाने त्यांना घेतले. नेहरू परतले आणि पुढच्या एका पुनर्रचनेत अर्थशास्त्राचा हा जाणकार पुन्हा बाहेर राहिला. समित्यांनी आधीच घेतलेले निर्णय नोंदवून घेणारे कार्यालय एवढेच मंत्रिमंडळाचे काम उरले आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मंत्रिपदाची खरी किंमत शपथेच्या यादीत कळत नाही, समित्यांच्या यादीत कळते, हे त्यांनी १९५१ सालीच सांगून ठेवले.

हे निरीक्षण जुने झालेले नाही. जून २०१९मध्ये मंत्रिमंडळाच्या समित्या जाहीर झाल्या तेव्हा मागच्या सरकारात गृहमंत्री असलेल्या राजनाथ सिंह यांचे नाव आठपैकी दोनच समित्यांवर होते, आणि त्याच रात्री सुधारित यादी येऊन ते सहा समित्यांवर गेले. काय बदलले, कोणी बदलले, याचा अधिकृत शब्द कोणी उच्चारला नाही. सुरक्षाविषयक समितीत पंतप्रधानांसह पाचच माणसे असतात, आणि वरिष्ठ नेमणुकांच्या समितीत सध्या पंतप्रधान आणि गृहमंत्री दोघेच. बाकीच्यांना त्या निर्णयांची खबर किती आणि कधी लागते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती मंत्रिमंडळाची बैठक न होताच. कार्यपद्धती नियमांतल्या बाराव्या नियमाने पंतप्रधानांना तशी सूट घेता येते आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून मिळवता येते.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेले, मथाईंनंतरचे अर्थमंत्री आणि कुलाब्याचे खासदार. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता, आणि जुलै १९५६मध्ये लोकसभेत राजीनाम्याचे निवेदन करताना त्यांनी तो नेहरूंच्या तोंडावर मांडला. मुंबईतल्या गोळीबाराच्या चौकशीचा मुद्दाही त्यात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या भाषणाचे स्थान मोठे आहे, पण त्याचा दुसरा अर्थ आपण फारसा काढत नाही. सामूहिक जबाबदारी मंत्र्यांवर आहे तशीच पंतप्रधानांवरही आहे, आणि मंत्रिमंडळाला न विचारता घेतलेला निर्णय मंत्र्याला बांधत नाही, असे एका अर्थमंत्र्याने सभागृहात ठणकावून सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री गेले. १९५८मध्ये मुंदडा प्रकरणी न्या. छागला यांच्या चौकशीनंतर टी. टी. कृष्णम्माचारी गेले आणि १९६२मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन. मेनन यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसले. या प्रत्येक बदलाचे कारण त्या काळच्या कोणत्याही वाचकाला सांगता आले असते. १९६३ची कामराज योजना तर उघड राजकारण होते. मोरारजी, शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील यांच्यासह सहा केंद्रीय मंत्री एकदम बाहेर गेले. पक्षकार्यासाठी पदत्याग हे सांगितलेले कारण कितपत खरे, यावर तेव्हाही शंका घेतल्या गेल्या. पण शंका घ्यायला आधी कारण पुढे यावे लागते, आणि ते आले होते.

या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. आंबेडकरांना निवेदन सभागृहाबाहेर करावे लागले, हे विसरता येत नाही, आणि नेहरूंनी अनेक बदल मर्जीने केलेच. मुद्दा एवढाच की मंत्री जाताना काहीतरी बोलत असे आणि पंतप्रधानांना त्याला उत्तर द्यावे लागे.

१६ जुलै १९६९ला वळण आले. इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले आणि त्यांना उपपंतप्रधान म्हणून राहण्याची मुभा ठेवली. मोरारजींनी राजीनामा दिला आणि तिसऱ्या दिवशी, १९ जुलैला, वटहुकमाने १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. खांदेपालट हेच धोरण होऊ शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण आपल्याकडे नाही. बँकांबद्दलचे मतभेद उघड होते, पत्रव्यवहार जगजाहीर होता, त्यामुळे या बदलाला कारण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षीचा बदल वेगळ्या जातीचा होता. जून १९७०मध्ये चव्हाणांकडचे गृहखाते पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतले आणि चव्हाणांना अर्थखात्यात पाठवले. दर्जा घटला नाही, उलट मोठेच खाते मिळाले असे म्हणायला जागा होती. त्याच सुमारास प्रशासकीय सेवांच्या नेमणुका-बदल्यांचा कारभार गृहखात्यातून निघून मंत्रिमंडळ सचिवालयातल्या नव्या कार्मिक विभागाकडे गेला. परदेशी हेरगिरीचे काम १९६८मध्येच वेगळ्या संघटनेकडे गेले होते. गृहखात्याचे नाव तेच राहिले आणि त्यातली ताकद पंतप्रधानांच्या कार्यालयाकडे सरकली. चव्हाणांनी संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही मोठी खाती सांभाळली. त्यांच्या दिल्लीतल्या प्रवासाकडे नुसती बढतीची मालिका म्हणून पाहिले तर १९७०चा बदल समजतच नाही. मंत्र्याला हलवले, खाते पोखरले, आणि दोन्हींबद्दल लोकसभेला काही सांगावे लागले नाही.

राजीव गांधींच्या काळात हा खेळ वेगाने झाला. ऑक्टोबर १९८४ ते डिसेंबर १९८९ या काळात परराष्ट्रखाते पाच वेळा हात बदलून गेले: खुद्द राजीव, मग बलीराम भगत, शिवशंकर, नारायण दत्त तिवारी, पुन्हा राजीव आणि शेवटी नरसिंह राव. जानेवारी १९८७मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांना अर्थखात्यातून संरक्षणात नेले गेले. सीमेवर तणाव आहे, खंबीर संरक्षणमंत्री हवा, हे सांगितलेले कारण. करबुडव्या उद्योगपतींवरचे छापे नकोसे झाले, हे लोकांनी समजून घेतलेले कारण. एप्रिलमध्ये सिंह बाहेर पडले आणि अडीच वर्षांत पंतप्रधान झाले. न सांगितलेल्या कारणाची किंमत सत्ताधाऱ्यांनाही मोजावी लागते, एवढे त्यावरून दिसते. जनता सरकारने तर याआधीच जून १९७८मध्ये चरणसिंगांना काढून जानेवारी १९७९मध्ये उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री म्हणून परत आणले होते. जुलैत ते सरकारच उरले नाही.

आघाडीच्या पंचवीस वर्षांनी यात आणखी एक धागा गुंतवला. आता मंत्री कोण, हे पंतप्रधानही पूर्णपणे ठरवेनात. ऑगस्ट २००२मध्ये वाजपेयींचे वीजमंत्री सुरेश प्रभू पायउतार झाले. वीजसुधारणांसाठी त्यांचे नाव होते आणि पंतप्रधानांची नाराजी असल्याचे कोणी म्हणत नव्हते. मातोश्रीवरून आदेश आला आणि अनंत गीते मंत्री झाले. मार्च २०१२मध्ये दिनेश त्रिवेदींनी रेल्वे अर्थसंकल्पात भाडेवाढ सुचवली. त्यांच्याच पक्षाच्या ममता बॅनर्जींनी त्यांना काही दिवसांत हटवायला लावले आणि मुकुल रॉय आले. सरकारचा अर्थसंकल्प मांडणारा मंत्री सरकारच्याच घटक पक्षाने काढला, तेव्हा सामूहिक जबाबदारी हा शब्द पुस्तकात राहिला. २००९मध्ये खात्यांवरून द्रमुकने सरकारात जायचेच लांबवले. दूरसंचार खाते मे २००७पासून ए. राजांकडे होते, तेच पुन्हा त्यांच्याकडे गेले. २ जी प्रकरण पेटून राजा गेल्यावर, फेब्रुवारी २०११मध्ये, मनमोहन सिंगांनी आघाडीच्या मर्यादांचे स्पष्टीकरण दिले. ते त्यांनी दिले दूरचित्रवाणीच्या संपादकांसमोर. प्रामाणिकपणात ते कमी पडले असे मी म्हणणार नाही, पण जागा चुकली.

याच काळातला एक दिवस जवळून बघण्यासारखा आहे. ३० जुलै २०१२ला उत्तर भारताची वीजवाहिन्यांची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी ३१ जुलैला ती पुन्हा, आणखी मोठ्या भागात कोसळली. कोट्यवधी लोक अंधारात, रेल्वेगाड्या मध्येच उभ्या. त्याच ३१ जुलैला वीजमंत्री सुशीलकुमार शिंदे यांची गृहमंत्रिपदी बढती जाहीर झाली. बदल आधीच ठरला होता हे उघड आहे, आणि ग्रिडच्या बिघाडाला एकटा मंत्री जबाबदार नसतो हेही खरे. तरी खांदेपालट आणि कामगिरी यांचा संबंध काय, याचे इतके बोलके उत्तर शोधूनही सापडणार नाही. वीजखाते वीरप्पा मोइलींकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून गेले आणि ऑक्टोबरात पुन्हा तिसऱ्याकडे.

मंत्र्यांची संख्या वाढतच गेली तेव्हा कायदा पुढे आला. उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी १९९७मध्ये नव्वदहून जास्त मंत्री करून बहुमत टिकवले, आणि अशा जंबो मंत्रिमंडळांना आळा म्हणून २००३ची ९१वी घटनादुरुस्ती झाली. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांहून जास्त नको. केंद्रात ५४३च्या हिशेबाने ८१, महाराष्ट्रात २८८च्या हिशेबाने ४३. पक्षांतराने अपात्र ठरलेल्याला मंत्रिपदही नको. दुरुस्ती चांगली होती, तिने घाऊक खरेदी थांबवली. २०१४मध्ये ४६ जणांनी सुरू झालेले मोदी सरकार त्याच नोव्हेंबरात ६६वर आणि २०१६मध्ये ७८वर गेले, तेव्हाही ८१ची भिंत उभी होती. मात्र या दुरुस्तीने संख्येला कुंपण घातले आणि बाकी सगळे मोकळे ठेवले. तिच्यानंतर कलंकित मंत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४मध्ये न्यायालयाने अशांना घेऊ नये अशी अपेक्षा व्यक्त केली, निर्णय मात्र पंतप्रधानांच्या विवेकावर सोपवला. ऑगस्ट २०२५मध्ये तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचे पद जावे असे १३०वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे पाठवले गेले. संख्या, पक्षांतर, गुन्हा: कायदा या तीन दारांवर पहारा बसवत आला. चौथ्या दाराने रोजची ये-जा चालते.

त्या ये-जेची किंमत कोणती खाती मोजतात, ते पाहिले की मुद्दा ठसतो. २०१४पासून परराष्ट्र, रस्ते आणि गृह या खात्यांत मंत्री टिकले. गडकरींकडे रस्तेवाहतूक सलग आहे. त्यामुळे महामार्गांचे कौतुक करायचे तर कोणाचे, आणि मुंबई–गोवा महामार्ग इतकी वर्षे रखडला तर जाब कोणाला विचारायचा, हे कोकणातल्या माणसालाही नेमके ठाऊक असते. याउलट माहिती-प्रसारण खाते दहा वर्षांत जावडेकर, जेटली, नायडू, इराणी, राठोड, पुन्हा जावडेकर, ठाकूर आणि वैष्णव असे फिरत राहिले. संरक्षणखाते पहिल्या पाच वर्षांत जेटली, पर्रीकर, पुन्हा जेटली आणि सीतारामन असे फिरले. पर्रीकर २०१७मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्रिपदावर परतल्यावर जवळजवळ सहा महिने संरक्षण हे अर्थमंत्र्याचे जोडखाते होते. गोव्यात भाजपला सरकार बनवायचे होते, म्हणून देशाचा संरक्षणमंत्री बदलला.

सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण शिक्षणखात्याचे. स्मृती इराणींच्या काळात, २०१५मध्ये, नव्या शिक्षण धोरणासाठी टी. एस. आर. सुब्रमणियन समिती नेमली गेली आणि मे २०१६मध्ये तिचा अहवाल आला. जुलैत इराणी वस्त्रोद्योगात गेल्या आणि प्रकाश जावडेकर आले. तो अहवाल बाजूला पडला आणि २०१७मध्ये कस्तुरीरंगन समिती नेमली गेली. तिचा मसुदा २०१९मध्ये सादर झाला तेव्हा रमेश पोखरियाल निशंक यांनी नुकताच कार्यभार घेतला होता. जुलै २०२०मध्ये धोरण मंजूर झाले, खात्याचे नावही बदलले. त्याला वर्ष होण्याआधीच निशंक गेले आणि अंमलबजावणी धर्मेंद्र प्रधानांकडे आली. एका धोरणाला चार मंत्री. यावर नेहमीचे उत्तर असे की मंत्री येतात-जातात, सचिव आणि खाते काम करत राहतात, आणि धोरण शेवटी आलेच ना! पण आले ते पाच वर्षांनी आणि दोन समित्यांनंतर. कागद पुढे सरकवायला सचिव पुरतो. राज्यांशी भांडण मिटवणे, शिक्षक संघटनांना तोंड देणे, भाषेच्या प्रश्नावर सभागृहात उभे राहणे ही कामे सचिव करू शकत नाही. त्रिभाषा सूत्रावरून तामिळनाडूत आणि पुढे महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीच्या मुद्द्यावर जो वाद पेटला, तेव्हा मूळ धोरण घडवताना कोणी काय विचार केला होता हे सांगणारा मंत्री खात्यात उरलेला नव्हता.

आक्षेप आणखीही आहेत, आणि ते हलके नाहीत. पंतप्रधानांना मोकळीक नसेल तर नाकर्ते मंत्री काढता येणार नाहीत, हा पहिला. मोकळीक काढून घ्या असे कोणी म्हणत नाही. काढा, पण कारण सांगा, एवढेच मागणे आहे. ऑगस्ट २०१७मध्ये लागोपाठ दोन अपघात झाल्यावर रेल्वेमंत्री प्रभूंनी जबाबदारी स्वीकारल्याचे जाहीर केले, पंतप्रधानांनी थांबायला सांगितले आणि ३ सप्टेंबरला त्यांना वाणिज्य खात्यात हलवले. ही शिक्षा होती की सोय, हे आजही सांगता येत नाही, आणि त्यामुळे रेल्वेच्या सुरक्षेबद्दल सरकारचे निदान काय होते तेही कळले नाही. दुसरा आक्षेप प्रतिनिधित्वाचा. खात्यांच्या सलगतेचा फार आग्रह धरला तर मागास समाज, स्त्रिया, छोटी राज्ये यांना संधी कधी मिळणार? यात तथ्य आहे. मंत्रिमंडळ देशासारखे दिसावे ही मागणी मला मान्यच आहे. पण प्रतिनिधित्व जिथे मिळते ते बहुतांशी राज्यमंत्रिपदाच्या पातळीवर, जिथे काम किती द्यायचे हे कॅबिनेट मंत्र्याच्या मर्जीवर असते. काम नसलेल्या राज्यमंत्र्यांची कुरबूर दिल्लीत प्रत्येक सरकारात ऐकू येते. समाजाचा फोटो यादीत येतो, समाजाचा माणूस निर्णयात नसतो. आंबेडकरांची १९५१ची तक्रार नेमकी हीच होती.

तिसरा आक्षेप सगळ्यात व्यावहारिक आहे: जाणाऱ्या मंत्र्याने सभागृहात तोंड उघडले तर सरकार धोक्यात येईल. येऊ शकते. १३ नोव्हेंबर १९९०ला ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात जेफ्री हाउ यांनी राजीनाम्याचे भाषण केले आणि नऊ दिवसांनी मार्गारेट थॅचर यांनी पद सोडण्याची घोषणा केली. पण त्याने राज्यकारभार कोसळला नाही, पक्षाने नेता बदलला. आपल्याकडे तशी शक्यता कमी आहे, कारण १९८५पासून पक्षांतरबंदी आहे आणि तिकीट पक्षश्रेष्ठींच्या हाती आहे. गप्प बसलेल्याला राज्यपालपद, पक्षाचे पद किंवा पुढचा फेरबदल यांची आशा उरते, बोललेल्याला काहीच नाही. मुखर्जी, मथाई, आंबेडकर, देशमुख बोलले याचे श्रेय त्यांच्या धैर्याला आहेच, पण पुन्हा तिकीट मिळेल का याची त्यांना फिकीर नव्हती, हेही तितकेच खरे. म्हणजे जाताना कारण कळेल की नाही, हे माणसे निवडतानाच ठरून गेलेले असते. राज्यसभेतून आणलेले सनदी अधिकारी आणि तज्ज्ञ, ज्यांचे खात्यातले काम अनेकदा चांगले असते, या बाबतीत सर्वांत दुबळे. त्यांना पाठीशी मतदारसंघ नाही आणि पक्षात गट नाही.

नियम मात्र आहे. लोकसभेच्या कामकाज नियमांतला १९९वा नियम सांगतो की मंत्रिपदाचा राजीनामा दिलेल्या सदस्याला अध्यक्षांच्या संमतीने राजीनाम्याच्या खुलाशाचे वैयक्तिक निवेदन करता येते. त्यावर चर्चा होत नाही, सरकारतर्फे मंत्री उत्तर देऊ शकतो. कायदा न बदलता, घटना न बदलता वापरता येईल असे हे दार आहे. त्याच्या जोडीला १९९३पासून खात्यानुसार संसदीय स्थायी समित्या आहेत. नव्या मंत्र्याने सहा महिन्यांच्या आत आपल्या समितीसमोर येऊन, आधीच्या मंत्र्याच्या कोणत्या योजना चालू ठेवणार आणि कोणत्या थांबवणार हे सांगावे, अशी रीत पाडायला तर नियमही लागत नाही. समित्यांसमोर मंत्री येत नाहीत, अधिकारी येतात, ही आजची प्रथा आहे. ती बदलायची तर पुढाकार अध्यक्ष आणि सभापतींना घ्यावा लागेल.

७ जुलै २०२१ला बारा मंत्र्यांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. आरोग्यमंत्री हर्षवर्धन कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना गेले, रविशंकर प्रसाद माहिती-तंत्रज्ञानातून, जावडेकर माहिती-प्रसारणातून, निशंक शिक्षणातून, अकोल्याचे संजय धोत्रे राज्यमंत्रिपदावरून. त्रेचाळीस जणांनी शपथ घेतली. नारायण राणे, भागवत कराड, भारती पवार, कपिल पाटील हे महाराष्ट्रातले चेहरे त्यांत होते. आदल्याच दिवशी सहकार हे नवे खाते निर्माण होऊन पुढे अमित शहांकडे गेले होते. साखर कारखाने, दूध संघ आणि जिल्हा बँका यांच्यावर उभ्या असलेल्या महाराष्ट्राच्या राजकारणाला तो बदल बाकीच्या सगळ्या शपथांपेक्षा जास्त झोंबला, आणि घटनेप्रमाणे सहकार राज्यांचा विषय असताना वेगळे केंद्रीय खाते कशासाठी, याचेही उत्तर सभागृहाने आधी ऐकले नव्हते. १९ जुलैला पावसाळी अधिवेशन सुरू झाले. नव्या मंत्र्यांची सभागृहाला ओळख करून देण्याची प्रथा आहे, तिच्यासाठी पंतप्रधान उभे राहिले. विरोधकांच्या गोंधळात ती ओळख नीट झाली नाही, आणि महिला, दलित, मागास मंत्री झालेले काहींना पाहवत नाही, असा टोला त्यांनी लगावला. बाहेर पडलेल्या बारांपैकी कोणी १९९व्या नियमाखाली उभे राहिले नाही, आणि गोंधळ घालणाऱ्या विरोधी बाकांवरूनही, आरोग्यमंत्री का बदलला, असा साधा प्रश्न त्या दिवशी लावून धरला गेला नाही.